एकसष्टावा शब्द

डिंडोली, सुरत
२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

अक्का,

पाया पडतो. तू म्हणशील, दिवाळीला येऊन गेला आणि महिनाभरात पत्र, म्हणजे याच्या पोटात काहीतरी दुखतंय. दुखतंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंस, आणि मोबाइलवर काही लिहावं तर ते वाचून दाखवायला शेजारीण लागते, म्हणजे गावभर बोभाटा. त्यापेक्षा कागद बरा. तू अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरलीस, तुला माझं वेडंवाकडं अक्षरही लागतं.

इकडे सगळे बरे आहेत. उषाचा, तुझ्या भावजयीचा, गुडघा थंडीत कुरकुरतो. काल घरात मी एकटाच होतो. उषा आणि वर्षा सकाळीच कोसाडला गेल्या, रंजनाच्या नातवाचं बारसं होतं, त्या दिवेलागणीला परत आल्या. मी आपला स्वतः खिचडी करून खाल्ली आणि दिवसभर विचार करत बसलो. तोच विचार तुला लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत शेठने आमच्या उधन्याच्या कारखान्यात नवी शेड उघडली आणि बारा चिनी मशीन उतरवली. पाण्याच्या फवाऱ्यानं धागा पळवणारी. धोटा नाही, खडखडाट जवळजवळ नाही. त्यांच्याबरोबर एक चिनी फिटर आला आहे, माझ्यासारखाच. नाव लिन. सगळे लिनभाई म्हणतात; सुरतेत भाई लावल्याशिवाय कोणाला अन्न पचत नाही. पन्नाशीचा असेल, म्हणजे माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. काटकुळा, गप्प, हातात कायम गरम पाण्याची बाटली. सहा महिने राहणार, मशीन बसवणार आणि आमच्या कारीगरांना ती चालवायला शिकवणार.

शिकवणार कसा, हा प्रश्न. त्याला ना हिंदी ना गुजराती. शाळेत इंग्लिश शिकला होता ते विसरला. मोबाइलमध्ये काहीतरी बोलतो आणि मोबाइल इंग्लिशमधून बोलतो, पण मोबाइलला लूम, म्हणजे माग, कुठला कळतो? कापड दोन्ही काठांना ताणून धरणारा जो पार्ट असतो त्याला आम्ही टेंपल म्हणतो. त्याच्या मोबाइलनं त्याला देऊळ दाखवलं. दुपारपर्यंत तो बिचारा शेडमध्ये देऊळ शोधत होता. आमचे कारीगर कोणी ओडिशाचे, कोणी बिहारचे, कोणी आपले खानदेशी. सगळ्यांना समजणारी भाषा म्हणजे पार्टांची इंग्लिश नावं, तीही आमच्या तोंडात बसलेली. तीच त्याला हवीत.

मग मॅनेजर किरीटभाई माझ्याकडे आला. “हेमराजभाई, तमारी छोकरी अंग्रेजी भणेली छे ने? एने मोकलो.” पाठवली. आपली वर्षा आता रोज चार ते सहा ऑफिसच्या काचेच्या केबिनमध्ये लिनला इंग्लिश शब्द शिकवते.

अक्का, कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्यांदा मनात आलं ते तुला कळलंच असेल. मुलीचा बाप आहे मी. पहिल्या दिवशी चार ते सहाच्या मध्ये पाना घेऊन काचेसमोरून सहा वेळा गेलो. किरीटभाई म्हणाला, “केबिन में कौन सा मशीन बिगड़ा है, हेमराजभाई?” पण तसलं काही नाही, हे मी कबूल करतो. ती आली की तो उठून उभा राहतो, वही दोन्ही हातांनी देतो, तिला टीचर म्हणतो. माझ्या लेकीला आजवर कोणी उठून मान दिला नव्हता. मीसुद्धा.

माझा संशय दुसराच आहे. हा माणूस एवढं सगळं लिहून का घेतो? वर्षाची पद्धत अशी की एका वेळी सातच शब्द. “पप्पा, आठवा दिला की पहिला सांडतो,” म्हणते. आधी पार्ट दाखवायचा, मग त्याचं चित्र, मग शब्द, मग त्या शब्दाचं एक छोटं वाक्य. दुसऱ्या दिवशी जुने सात उलटसुलट विचारायचे. तो प्रत्येक शब्दाखाली आपल्या लिपीत बारीक चौकोनासारखं काहीतरी काढतो. वर्षा म्हणते, तो अर्थ लिहितो. मला कसं कळणार अर्थच लिहितो की आमच्या नावानं काही नोंद करतो? आणि परवा मी तिची वही चाळली तर त्या दिवशीचे सात शब्द काय होते? ओल्ड, रिमूव्ह, रिप्लेस, असे, म्हणे लिननंच मागितलेले. जुनं. काढून टाक. बदल. आता तूच सांग, या कारखान्यात जुनं काय आहे? चोवीस लूम आणि मी.

गंमत म्हणजे बाकी शब्द मीच पुरवतो. वर्षाला इंग्लिश येतं, लूम येत नाही. रोज संध्याकाळी चहाला ती वही घेऊन बसते, “पप्पा, उद्याचे सात सांगा.” मी सांगतो. चाळीसच्या वर झाले. म्हणजे माझ्याच विहिरीचं पाणी काढून माझंच शेत बुडवायचं काम चाललंय.

तुला उखा मास्तर आठवतात ना? मी सुरतेला आलो तेव्हा त्यांच्या हाताखाली चार वर्षं राबलो. सगळं शिकवलं माणसानं, पण लूमचं टायमिंग लावताना शेवटचा आटा फिरवायची वेळ आली की म्हणायचे, “हेमराज, चहा लई ये.” मी चहा घेऊन येईपर्यंत लूम चालू. फिटरची हीच रीत आहे. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं ठेवलं. म्हणून तर मांजर अजून जिवंत आहे.

एक मजा लिहितो. जुन्या शेडमध्ये इतका आवाज की हाक ऐकू जात नाही. म्हणून आमची रीत अशी की लूमच्या मागे कोणी शिरला की आधी पुढच्या हँडलला लाल फडकं लटकवतो. फडकं आहे म्हणजे मागे माणूस आहे, मशीन चालू करायचं नाही. ज्याचं फडकं त्यानंच काढायचं, शेठही हात लावत नाही. नव्या मशीनला हँडल नाही तर आपली माणसं बटणांच्या डब्याला लटकवतात. परवा कोणाचं तरी विसरून राहिलेलं फडकं लिनभाईनं काढलं, नळाखाली धुतलं, वाळवलं आणि चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवलं! फार टापटिपीचा. मागे कोणी नव्हतं. मी लांबून बघत होतो, मला हसू आलं. चला, म्हटलं, एवढं तरी याला माहीत नाही.

तू शहाणी आहेस. काय वाटतं ते कळव. पाकिटावरचा पत्ता वर्षाच्या अक्षरात आहे आणि पेटीतही तीच टाकते, म्हणून पाकीट मी भाताची शितं लावून स्वतः चिकटवलंय.

तुझा धाकटा,
हेमराज मास्तर


डिंडोली
२१ डिसेंबर २०२५, रविवार

अक्का,

पाया पडतो. तुझं पाकीट मिळालं. चोराच्या मनात चांदणं, असं लिहिलंस. ठीक आहे, थोरली आहेस, बोल. पण आता जे झालं ते वाचलंस की कळेल, मी उगाच शंका घेत नव्हतो.

नऊ तारखेला, मंगळवारी, कारखान्यात अपघात झाला. बळीरामला लागलं. बळीराम म्हणजे उखा मास्तरांचा धाकटा, त्याच्या लग्नात तू हळद दळली होतीस. चार नंबरच्या मशीनमागे गिअरमध्ये धागा गुंतला होता, तो झाकण उघडून काढत होता. त्यानं रीतीप्रमाणे डब्यावर लाल फडकं लावलं होतं. लिन आला, त्यानं फडकं काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बटण दाबलं. मी तेव्हा गेटवर चहाला होतो. बळीरामची किंकाळी गेटपर्यंत आली. बटण बंद केलं तेही लिननंच, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. उजव्या हाताची करंगळी वरच्या पेरातून गेली. शेजारचं बोट आहे पण वाकत नाही. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत आहेत, म्हणजे धाग्याला गाठ मारता येईल, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे ज्यांची दहाही बोटं धड आहेत ते.

त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण कारीगर म्हणतात. दोन दिवस नव्या शेडमध्ये कोणी पाऊल टाकलं नाही. लिन ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून असतो. खिडकीतून दिसतो, गुडघ्यांवर हात ठेवून. त्याला परत पाठवणार आहेत.

आता वर्षाचं. किरीटभाईनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, “बेन, साठ शब्द शिखवाड्या, आ एक नहीं?” तिला उद्यापासून येऊ नका म्हणाले. कागदावरही लिहून ठेवलंय, की धोक्याची खूण शिकवली गेली नाही ही शिक्षिकेची चूक.

अक्का, तुला म्हणून सांगतो, मी तिला सांगितलं होतं. मला चांगलं आठवतं. २३ नोव्हेंबरचा रविवार. दुपारचा दीड वाजला असेल. ती गॅसपाशी उभी होती, चहाला आधण ठेवलं होतं, आलं किसत होती, अंगात तो पिवळा ड्रेस होता. मी खाटेवर बसून म्हणालो, वर्षा, त्या लाल फडक्याचंही सांगून ठेव त्याला. ती हो म्हणाली. विसरली असेल. पोरीच्या डोक्यात हजार गोष्टी असतात.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, “पप्पा, फडक्याचं तुम्ही मला कधी सांगितलं?” मी म्हटलं, “तुले सांगं व्हतं मी. तू लिखं नई व्हई.” तिनं वही काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. मग पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा बघायला लागली तेव्हा उषा म्हणाली, “जाऊ दे ना माय, ठेव ती वही.” तिनं ठेवली.

पंधरा तारखेला तिची मुलाखत होती. मोबाइलवरची कंपनी आहे कसली तरी, चीनमधल्या मोठ्या वयाच्या माणसांना घरबसल्या इंग्लिश शब्द शिकवायचे. लिनला शिकवताना तिनं जी चित्रांची कार्डं बनवली होती तीच ती दाखवणार होती. किती दिवस त्याची तयारी करत होती. त्या दिवशी बसलीच नाही. उषानं कारण विचारलं तर म्हणाली, “मला कोणाला काही शिकवायचं नाही. मला वाटतं मी सांगितलं आणि मी सांगितलेलंच नसतं.” सोसायटीतल्या शिकवण्याही बंद केल्या. जेवते, भांडी घासते, झोपते.

तू तिला समजावून दोन ओळी लिही. चूक माणसाकडूनच होते, असं काहीतरी. माझं ती ऐकत नाही.

आणि तो लिन, बघ, अजूनही मला वाटतं त्याच्या वहीत काहीतरी असणार.

तुझा,
हेमराज


डिंडोली
११ जानेवारी २०२६, रविवार

अक्का,

तू एरवी पाकीट पाठवतेस. या वेळी पोस्टकार्ड टाकलंस. उघडं. मुद्दाम टाकलंस ना?

बुधवारी पोस्टमननं ते वर्षाच्या हातात दिलं. मी कामावरून आलो तेव्हा माझ्या चहाच्या ग्लासाखाली ठेवलेलं होतं, लिहिलेली बाजू वर. तुझं अक्षर टपोरं, अंगणवाडीच्या फळ्यावरचं. चारच ओळी. “हेमराज, २३ नोव्हेंबरला उषा आणि वर्षा दिवसभर कोसाडला होत्या असं तूच मला लिहिलं होतंस. लिनने फडकं धुतलं तेव्हा तुला हसू आलं हेही तूच लिहिलं होतंस. तुझी पत्रं मी पत्र्याच्या पेटीत ठेवते. लहानपणीही तू खोटं बोललास की फार बारीकसारीक सांगायचास.”

वर्षा समोर भाजी निवडत होती. मी पहिल्यांदा चिडलो. म्हटलं, बहीण आहे की वकील? मग वाटलं, वर्षानं वाचलं नसेल. मग तिच्याकडे बघितलं. वाचलं होतं. तीन दिवस तिच्या चेहऱ्यावर संशय शोधत फिरलो, तिची प्रत्येक हालचाल निरखली, पाणी आणून दिलं तरी वाटायचं, हिच्या मनात काय चाललंय. संशय नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती वाट बघत होती.

तर लिहितो. मी तिला सांगितलं नव्हतं.

एक डिसेंबरची संध्याकाळ होती. या वेळी बारीकसारीक खरं आहे. वर्षानं वहीत साठावा शब्द लिहिला आणि म्हणाली, “पप्पा, साठ झाले. अजून काही राहिलं का? ज्याच्यावाचून अडेल असं?” माझं फडकं माझ्या खांद्यावर होतं. लाल फडकं. मी त्याला हात पुसले आणि म्हणालो, “नाही. झालं सगळं.” विसरलो नव्हतो, अक्का. लिननं ते धुतलं होतं ते डोळ्यांसमोर होतं. पण वाटलं, याला सगळंच आलं तर हेमराज कशाला? एक गोष्ट अशी राहू दे, की अडलं की त्याला माझ्याकडे यावं लागेल. उखा मास्तर मला चहाला पाठवायचे तसंच. मला वाटलं होतं, एखादं मशीन वेळेवर चालू होणार नाही, चार माणसं म्हणतील, हेमराजला बोलवा. बोट जाईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पण यायला हवं होतं. चौतीस वर्षं फडकं लटकवतोय, ते कशासाठी लटकवतात हे मला नाही तर कोणाला माहीत?

हे मी बळीरामला किंकाळीनंतर सांगितलं असतं तरी निदान वर्षा वाचली असती. किरीटभाईनं तिला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो, चार माणसांच्या मागे. घरी येऊन तिलाच म्हणालो, तू लिहिलं नसशील. आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या शब्दापेक्षा तिला स्वतःची वही खोटी वाटली.

मागच्या पत्रात एक गोष्ट तुला लिहिली नाही. अपघातानंतर आठवड्यानं बळीरामची बायको सुवर्णा घरी आली होती. मोठ्यानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “वर्षाताई, तुमी एवढंच सांगाले पाहिजे व्हतं त्याले.” वर्षानं हात जोडले. म्हणाली, “काकू, माझी चूक झाली.” मी आतल्या खोलीत पडद्यामागे होतो. हातात चहा होता. मी तो पूर्ण प्यायलो, अक्का. सुवर्णा गेल्यावर ग्लास खाली ठेवून विचारलं, कोण आलं होतं?

लिन सहा तारखेला गेला. जायच्या आधी किरीटभाईनं त्याच्याकडून अपघात कसा झाला ते लिहून घेतलं. वर्षाला बोलावलं होतं, त्याला काही शब्द अडला तर सांगायला. मी केबिनबाहेर उभा होतो, मशीन न बिघडता. त्यानं एकही शब्द विचारला नाही. शिकलेल्या साठांतूनच आणि चार शाळेतल्या आठवणाऱ्या शब्दांतून लिहिलं. वर्षानं तो कागद किरीटभाईला वाचून दाखवला: आय रिमूव्ह. आय रन. माय मिस्टेक. टीचर नो मिस्टेक. ज्या रिमूव्हवरून मी महिनाभर झोप घालवली होती, त्या शब्दाचा उपयोग त्यानं असा केला. त्याच्या वहीतल्या त्या बारीक चौकोनांत अर्थच होते. तिथेच वर्षानं मोबाइल धरून मला एकेकाचा अर्थ दाखवला. बीम, रीड, नोजल, पंप. बाकी काही नाही.

जुने लूम मात्र खरंच काढणार आहेत. शेठचं ते दिवाळीआधीच ठरलं होतं म्हणे. लिनला त्यातलं काही माहीत नव्हतं. एका परक्या माणसावर डोळा ठेवून बसलो आणि ज्याच्यावर ठेवायचा तो माझ्याच अंगात बसला होता.

काल खूप ठरवलं. वर्षाला हाक मारली. ती म्हणाली, “काय पप्पा?” मी म्हणालो, “चहा कर.” तिनं केला. आज सकाळी पुन्हा हाक मारली. “काय पप्पा?” मी म्हणालो, गच्चीवर जाऊ नकोस, उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा फिरतोय सगळीकडे, गळा कापेल. ती म्हणाली, बरं. लूमसमोर उभा राहिलो की नुसत्या आवाजावरून सांगतो कुठला नट ढिला आहे, आणि पोरीसमोर एक वाक्य जमत नाही.

दुपारी तिची वही शोधली. तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती तिनं. साठाव्या शब्दाखाली मी रेघ मारली आणि एकसष्ट आकडा टाकला. मग अडलं. मला त्याचं इंग्लिशच माहीत नव्हतं. चौतीस वर्षं आम्ही त्याला फडकंच म्हणतो.

वही घेऊन तिच्याकडे गेलो. ती ओट्यापाशी होती, उषा बाजूला मेथी खुडत होती. मी विचारलं, “वर्षा, फडक्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग त्या आकड्याकडे.

“रॅग,” म्हणाली.

“कसं लिहायचं?”

“आर,” म्हणाली आणि माझा आर लिहून होईपर्यंत थांबली. “ए.” पुन्हा थांबली. “जी.” तिनं लिनलाही असंच शिकवलं असणार. घाई नाही, हसणं नाही. मी शब्दासमोर मराठीत लिहिलं: मागे माणूस आहे. त्याच्या खाली लिहिलं: हा शब्द मी वर्षाला सांगितला नव्हता. विचारलं तेव्हा नाही म्हणालो. आणि सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

उषानं मेथीची जुडी खाली ठेवली. “काय व्हयनं?” म्हणाली. वर्षानं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग गॅस बंद केला, दूध उतू जात होतं. तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचा माझा अधिकार नाही. एवढं झालं की तिनं वही परत तांदळाच्या डब्यामागे ठेवली नाही. टेबलावर ठेवली.

उद्या सोमवार. सकाळी वही घेऊन आधी बळीरामकडे जाणार, मग किरीटभाईकडे. शिक्षिकेची चूक लिहिलेला तो कागद बदला, म्हणून सांगणार. नोकरी राहील असं वाटत नाही आणि जुने लूम गेल्यावर तशी ती राहणारही नव्हती. बळीराम काय करेल माहीत नाही. उखा मास्तरांचा मुलगा आहे, रागाचा भडका त्याला वारशात मिळालाय. जे करेल ते मी खाली मान घालून घेईन. पण त्याआधी त्याला शेवटचा आटा दाखवणार आहे, टायमिंगचा. त्याच्या बापानं मला दाखवला नाही, मी आजवर कोणाला दाखवला नाही. जुने लूम जाण्याआधी एका माणसाला तरी कळू दे.

त्या मोबाइलवरच्या कंपनीनं पुन्हा तारीख दिली तर वर्षा मुलाखतीला बसेल की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं. मी म्हणालो तर ती बसणार नाही. तू म्हणालीस तर कदाचित बसेल.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. पत्ता लिहायला वर्षाकडे उघडंच देतोय. ती वाचेल, मग पेटीत टाकेल. वाचून तिला काही खोडायचं असेल तर तिनं खोडावं, काही लिहायचं असेल तर खाली जागा सोडली आहे.

अक्का, उत्तर मला पाठवू नकोस. तिला पाठव. पत्ता तोच आहे.

हेमराज